ईअरफोनमध्ये स्वतःचाच आवाज ऐकू येतोय? आधी उशीर मोजा

प्रश्न विट्याच्या एका ताईंचा आहे. थोडक्यात सांगतो. त्यांचे मिस्टर गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, कामामुळे तमिळनाडूत असतात. रोज रात्री साडेनऊला त्यांचा फोन येतो. ताईंचे हात भांड्यांत असतात, म्हणून त्या कानात ईअरफोन घालून बोलतात. दिवाळीपासून बोललेला प्रत्येक शब्द त्यांच्या स्वतःच्याच कानात परत येतोय. आपलंच बोलणं ऐकून जीभ अडखळते, काय सांगायचं होतं तेच विसरायला होतं. दोन ईअरफोन बदलून झाले. एका दुकानात दाखवला, तर 'ऑडिओ आयसी (आवाजाची चिप) गेलाय, बोर्डचं काम निघेल' असं ऐकायला मिळालं. शेजारच्या कुणीतरी 'फोन टॅप होत असणार' म्हणून घाबरवलं. माहेरी आईशी बोलताना मात्र हा त्रास होत नाही. 'दादा, फोन बदलू का?'

ताई, फोन बदलू नका, आणि बोर्ड तर कुणाला उघडूच देऊ नका. तुमचा फोन ठणठणीत आहे याची मला जवळजवळ खात्री आहे. ती खात्री तुमच्याच एका वाक्यामुळे आहे. आईशी बोलताना त्रास होत नाही, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. फोन तोच, ईअरफोन तोच, कानही तेच. बदलला तो फक्त पलीकडचा माणूस. म्हणजे दुखणं दाजींच्या फोनात आहे आणि औषधपाणी तुमच्या फोनाचं चाललंय.

हे ऐकायला उलटं वाटतं. मी सांगलीत पंचवीस वर्षं फोन उघडतोय, आधी एसटीडी बूथचे डबे आणि नंतर मोबाईल. तरी सुरुवातीची काही वर्षं मलाही हे उमगलं नव्हतं. मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानातले दिवाणजी माझ्याकडे आले होते, तक्रार अगदी तुमचीच. त्यांच्या फोनचा जॅक आतून पिवळाधमक झालेला. हळदीची पूड जाते कुठे? पोत्यातून उडते ती खिशात, आणि खिशातून जॅकमध्ये. मला वाटलं, सापडलं. जॅक साफ करून दिला. दोन दिवसांनी परत आले, त्रास तसाच. जॅकच बदलला. पुन्हा आले. तिसऱ्या वेळेला मी त्यांना म्हटलं, माझ्यासमोर फोन लावा. त्यांनी इरोडच्या एका व्यापाऱ्याला लावला. मी एक बड माझ्या कानात घातला, तर मागे सौद्याचा गलका, पंख्याची घरघर, सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. समोरचा गडी फोन टेबलावर ठेवून स्पीकरवर बोलत होता. त्याला फोन कानाला लावायला सांगितला आणि दिवाणजींचा आवाज परत यायचा बंद झाला. जॅकचे पैसे परत दिले, वर चहा पाजला. तेव्हापासून असा फोन आला की स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी मी एकच विचारतो: आवाज लगेच येतो, की उशिरा?

हे घरी कसं तपासायचं ते सांगतो. कॉल चालू असताना दाजींना गप्प राहायला सांगा. 'एक' एवढाच शब्द जरा ठासून म्हणा आणि थांबा. टाळी किंवा टिचकी वाजवू नका, कारण हल्लीचे फोन असले आवाज गोंगाट समजून गाळून टाकतात. शब्दच वापरा. तुमचं 'एक' म्हणून संपलं, ओठ मिटले, आणि त्यानंतर कानात दुसरं 'एक' वेगळं ऐकू आलं, तर तो आवाज प्रवास करून आलाय. आणि तुम्ही म्हणत असतानाच, त्याच क्षणाला, कानात घुमल्यासारखं वाटलं, तर तो कुठेही गेलेला नाही. तो तुमच्या फोनातला, ईअरफोनमधला किंवा तुमच्या डोक्यातला आहे. डोक्यातला म्हणजे वेड लागलं असं नव्हे, त्याचं पुढे सांगतो.

उशीर होतो कारण मोबाईल तुमचा आवाज सलग पाठवत नाही. २० मिलिसेकंदांचे (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग) तुकडे पाडतो, प्रत्येक तुकडा दाबून लहान करतो आणि मग टॉवरकडे पाठवतो. पलीकडे तुकडे गोळा होतात, मागेपुढे झालेले ओळीत लागतात, मग उलगडतात. या सगळ्यात एका बाजूला सेकंदाचा आठवा-पाचवा भाग सहज जातो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर बोलणाऱ्यांना बहुधा जाणवत नाही. पण तुमचा स्वतःचा आवाज परत यायचा तर त्याला दोन्ही बाजूंचा प्रवास करावा लागतो. म्हणजे पाव ते अर्धा सेकंद. कड्यासमोर उभं राहून हाक मारली आणि प्रतिध्वनी ०.४ सेकंदानं आला, तर तो कडा सुमारे ७० मीटर लांब असतो. रात्री साडेनऊला ओट्याजवळ उभं राहून तुम्ही तसल्या कड्याशी बोलताय.

जीभ अडखळते ते मनाचे खेळ नाहीत. बोलताना मेंदू कानावाटे स्वतःच्या शब्दांवर लक्ष ठेवत असतो. ते शब्द साधारण २०० मिलिसेकंद उशिरा ऐकवले की भल्याभल्यांची वाणी लटपटते. दोन जपानी संशोधकांनी याच तत्त्वावर समोरच्या वक्त्याला गप्प करणारं यंत्र बनवलं आणि त्यांना २०१२ सालचं इग नोबेल मिळालं. आपल्याकडच्या सभांना ते परवडेल असं वाटत नाही.

आता दाजींच्या फोनकडे वळू. तुमचा आवाज त्यांच्या स्पीकरमधून बाहेर पडतो. त्यांच्या फोनचा माईक तिथेच चार बोटांवर असतो. तो बिचारा दाजींचा आवाज आणि स्पीकरमधला तुमचा आवाज असा भेद करू शकत नाही, दोन्ही उचलतो. मग तुमचा आवाज परत का येत नाही, एरवी? कारण प्रत्येक मोबाईलमध्ये प्रतिध्वनी पुसणारी एक व्यवस्था असते. दाजींच्या फोनला आधीच माहीत असतं की आता आपण स्पीकरवर काय वाजवणार आहोत. हाच आवाज माईकपर्यंत कसा पोचेल, किती बारीक होऊन, किती घुमून, याचा तो सतत अंदाज बांधतो आणि माईकमधून आलेल्या आवाजातून तेवढा भाग वजा करतो. उरतो तो दाजींचा आवाज, तोच तुमच्याकडे येतो. ही युक्ती १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये जॉन केली आणि आपल्या भारतीय वंशाच्या मनमोहन सोंधींनी मांडली. तेव्हा अडचण उपग्रहाची होती. उपग्रह ३६,००० किलोमीटर उंच, आवाज जाऊन परत यायला अर्धा सेकंद. ज्यांनी बूथवरून आखातात फोन लावलेत त्यांना आपलीच 'हॅलो' परत आलेली आठवत असेल.

या वजाबाकीची गोम अशी की तिला शिस्तीचा आवाज लागतो. आवाज पूर्ण वाढवला की छोटासा स्पीकर फाटायला लागतो. फाटलेला आवाज अंदाजात बसत नाही, म्हणून तो वजा होत नाही. फोन सतत हलवला, हातातून काउंटरवर, काउंटरवरून खिशात, की माईकपर्यंतची वाट बदलते आणि फोनला दर वेळी नव्याने शिकावं लागतं. (कॉल सुरू झाल्यावर पहिला एखादा सेकंद आवाज घुमतो आणि मग थांबतो, तेही त्यामुळेच. त्याची काळजी करू नका.) फरशीची, पत्र्याची, मोकळी खोली असेल तर आवाज भिंतींवर आपटून येतो. गलाईचं दुकान डोळ्यांसमोर आणा. शेगडीचा आणि ब्लोअरचा आवाज, दोन्ही हात कामात, म्हणून फोन स्पीकरवर आणि आवाज शेवटच्या काडीपर्यंत. वजाबाकीनं हात टेकले तर नवल नाही.

पण 'दिवाळीपासून' हा शब्द मला खटकतोय. दिवाळीत दाजींच्या फोनचा डिस्प्ले बदलला होता का? मागची काच, चार्जिंगची पट्टी, काहीही? विचारून घ्या. फोनच्या आत माईकभोवती रबराची एक बारीकशी टोपी असते, आणि कानाच्या स्पीकरला फोमची कड असते. स्पीकरचा आवाज फोनच्या पोटातून थेट माईककडे जाऊ नये, यासाठी ती असते. घाईत डिस्प्ले बसवणाऱ्या पोराच्या चिमट्यातून ही टोपी पडते, टेबलाखाली जाते, आणि फोन तिच्याशिवाय बंद होतो. फोन चालू लागतो, चित्र दिसतं, गिऱ्हाईक पैसे देऊन जातं. तक्रार मात्र त्या गिऱ्हाइकाला कधीच जाणवत नाही, कारण त्याला सगळं नीट ऐकू येतं. जाणवते ती त्याच्याशी बोलणाऱ्यांना. आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात फसवं काम. फोन बिघडलेल्याला कळत नाही, आणि ज्याला कळतं तो स्वतःचा फोन दुरुस्तीला टाकतो.

जाड सिलिकॉनचं कव्हर हाही तसाच गुन्हेगार. कव्हरचं भोक माईकशी जुळलं नाही की आवाज कव्हरच्या आतल्या फटीतून फिरून माईकमध्ये शिरतो. बऱ्याच फोनना वरच्या बाजूला दुसरा माईक असतो, तोही कव्हरखाली किंवा चिकटवलेल्या काचेखाली झाकला जातो. कव्हर काढून एक कॉल करून बघायला पैसे लागत नाहीत.

दाजींनी वायरचा ईअरफोन लावला असेल तरी वेगळ्या कारणानं हाच त्रास होतो. वायरच्या ईअरफोनमध्ये कानातल्या दोन्ही स्पीकरची आणि माईकची परतीची तार, म्हणजे अर्थिंग, एकच असते. स्वस्तातल्या वायरीत तांबं केसाइतकं बारीक. मग स्पीकरला जाणारा आवाज त्या सामाईक तारेतून माईकमध्ये गळतो. मिरजेची सतार जवळून पाहिली असेल तर लक्षात येईल. वरची तार छेडली की खालच्या तरफा, हात न लावताही, बोलू लागतात. सतारीत ते हवंहवंसं असतं, फोनमध्ये डोकेदुखी. पिनवर घामाचा किंवा धुळीचा थर बसला की गळती वाढते. २०१९च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर कितीतरी महिने माझ्याकडे असे फोन येत होते. वरून सुकलेले आणि चालू, पण जॅकमध्ये हिरवी बुरशी धरल्यासारखा गंज.

उशिरा येणाऱ्या आवाजाचं एवढं. लगेच येणाऱ्या आवाजाची गोष्ट निराळी, आणि त्यातला बराचसा बिघाड नसतोच.

जुन्या काळ्या फोनचा रिसीव्हर आठवा. फोन चालू आहे का बघायला आपण त्यात 'फू फू' करायचो आणि ते फू कानात ऐकू यायचं. ते मुद्दाम ठेवलेलं असायचं. बोलणाऱ्याला स्वतःचा आवाज थोडासा ऐकू आला नाही तर त्याला फोन मेल्यासारखा वाटतो आणि तो ओरडायला लागतो. जास्त ऐकू आला तर तो नको इतकं हळू बोलतो. म्हणून मापात ठेवायचा. शाहीर पोवाडा गाताना कानाशी हात धरतो, तोही स्वतःचा आवाज कानापर्यंत आणायलाच. मोबाईलमध्येही ही सोय असते, फक्त ती सॉफ्टवेअरमध्ये असते, आणि एखाद्या अपडेटनंतर कमीजास्त झालेली मी पाहिली आहे. इतक्या जवळून, २५-३० मिलिसेकंदांच्या आत आलेला आवाज कान वेगळा मानत नाही, तो तुमच्याच बोलण्यात मिसळून जातो. तेवढाच असेल तर सोडून द्या.

ब्लूटूथ बड्स असतील तर त्यांच्या अ‍ॅपमध्ये बाहेरचा आवाज आत सोडणारी सोय चालू आहे का बघा. ती चालू असली की बडवरचे माईक आजूबाजूचे आवाज कानात घेतात, आणि आजूबाजूचा सगळ्यात मोठा आवाज तुमचाच असतो. काही बड्समध्ये कॉलपुरती ही सोय चालू ठेवायचं वेगळं बटण असतं. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी गूगलचं 'साउंड अ‍ॅम्प्लिफायर' नावाचं अ‍ॅप आहे, ते फोनचा माईक सरळ ईअरफोनला जोडतं. नातवानं आजोबांसाठी चालू केलं आणि बंद करायचं राहिलं, अशी एक केस मी मिरजेच्या एका गुरुजींच्या फोनात सोडवली. गुरुजींना वाटत होतं, कानात कुणीतरी त्यांची नक्कल करतंय. लॅपटॉपवर मीटिंग करणाऱ्यांनी विंडोजच्या माईक सेटिंगमध्ये 'लिसन टू धिस डिव्हाइस'समोरची खूण काढावी, तिथेही हीच गंमत असते.

आणि आता डोक्यातला आवाज. दोन्ही कानांत बोटं घट्ट घाला आणि 'ऊ' म्हणा. घुमला ना, घागरीत तोंड घातल्यासारखा? घशातली थरथर जबड्याच्या आणि कवटीच्या हाडांतून कानाच्या नळीत पोचते. एरवी ती कानाच्या तोंडातून बाहेर निसटते, बोट घातलं की आत कोंडते, त्यातही खालचे, खर्जातले सूर. रबरी बोंडाचे ईअरफोन नेमकं हेच करतात. फोन बंद करा, ईअरफोन कानात तसाच ठेवा आणि बोला. तरीही घुमत असेल तर फोनचा आणि त्याचा काही संबंध नाही. लहान मापाचं रबर लावा, किंवा एका कानातला काढून बोला. जुन्या पद्धतीचे, नुसते कानात अडकणारे, भोकं असलेले ईअरफोन मिळाले तर आणखी चांगले. दिवसभर फोनवर बोलणाऱ्या पोरापोरींना मी तेच सुचवतो, गाणी ऐकायला ते फिके पडले तरी.

टॅपिंगचं मनातून काढून टाका. कुणाचा फोन कायद्यानं ऐकला जायचाच असेल तर ते कंपनीच्या यंत्रणेत होतं, तिथून आवाज तुमच्या कानात परत येण्याचं कारण नाही. ऐकणारा स्वतःची चाहूल लागू देईल कशाला?

तर आज रात्री असं करा. साडेनऊचा फोन आला की आधी 'एक' म्हणून उशीर बघा. मग दाजींना म्हणा, स्पीकर बंद करा आणि फोन कानाला लावा. त्यानंच गेला तर काम झालं. पुढे स्पीकरवरच बोलायचं असेल तर त्यांनी आवाज दोन-तीन काड्या उतरवावा आणि फोन काउंटरवर पालथा ठेवू नये. कानाला लावूनही आवाज परत येत असेल तर कव्हर काढायला लावा. तरीही आला तर त्यांच्या बाजूला दुसऱ्या कुणाच्या फोनवरून तुम्हाला कॉल करायला सांगा. दुसऱ्या फोनवर त्रास नाही म्हणजे दाजींचा फोनच दोषी, मग त्यांनी डिस्प्ले टाकलेल्या दुकानात जाऊन एवढंच म्हणावं: 'माईकचं रबर आणि स्पीकरचा फोम बसवलाय का, उघडून दाखवा.' चांगला कारागीर लगेच ओळखतो. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, आणि त्या रबराची किंमत चहापेक्षा फार नसते. एकदा व्हॉट्सअ‍ॅपवरूनही बोलून बघा. साध्या कॉलला प्रतिध्वनी आणि व्हॉट्सअ‍ॅपला नाही, असं झालं तर रबराच्या आधी फोनचं अपडेट तपासायला सांगा, कारण दोन्हींची वजाबाकी वेगवेगळ्या ठिकाणी होऊ शकते.

तुमच्या त्या दोन जुन्या ईअरफोनपैकी एक फेकला नसेल तर दाजी सुट्टीला येतील तेव्हा त्यांना द्या. शेगडीपाशी उभं राहून बोलायला त्यांना स्पीकरपेक्षा तोच बरा पडेल, फक्त वायर जाळापासून लांब ठेवायला सांगा.